डाव्या अंगाची गाडी

१

सेलूला माझं फिजिओथेरपीचं लहानसं क्लिनिक आहे. सकाळी क्लिनिक आणि दुपारी ज्यांना घराची पायरी उतरवत नाही अशा पेशंटकडं जायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. तोंडाला स्कार्फ, पाठीवर बॅग आणि स्कूटी. व्यंकटरावांचं घर देवगाव फाट्याच्या रस्त्याला, शेतातच बांधलेलं. स्लॅबचं घर, पुढं पत्र्याचं शेड. त्या उन्हाळ्यात मी तिथं रोज जात होते.

व्यंकटरावांना घरात आबा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. माघात त्यांना झटका आला आणि डावा हात, डावा पाय गेला. बोलणं जड झालं, पण शाबूत राहिलं. घरात त्यांची बायको कस्तुराबाई आणि नात भक्ती. भक्ती पुण्याच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर इमारतींचे नमुने बनवायची. आजोबा पडल्यापासून लॅपटॉप घेऊन इथंच येऊन राहिली होती.

अशा झटक्यात कधी कधी आणखी एक विचित्र गोष्ट होते. डावी बाजू नुसती लुळी पडत नाही, पेशंटच्या जगातूनच निघून जाते. डोळे चांगले असतात, पण डावीकडं काही असतं हेच मेंदू विसरतो. आबा ताटातल्या उजव्या अंगाचं सगळं जेवायचे आणि डावीकडं वरणाची वाटी भरलेली असताना विचारायचे, "आज वरण केलं न्हाई का?" दाढी करायला बसले तर डावा गाल तसाच राहायचा.

यावर एक साधा उपाय करून पाहतात. पेशंटच्या डाव्या बाजूला बसायचं आणि तिकडूनच बोलत राहायचं. मी आबांच्या डाव्या हाताला एक खुर्ची टाकून घेतली होती, नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली. बसलं की ती कर्र करायची. तिथून मी हाक मारली की आबा मान उजवीकडं फिरवून मला शोधायचे.

"धम्मशीला, कुठं गेलीस पोरी?"

"इथंच आहे आबा. डावीकडं बघा."

ते पुन्हा उजवीकडं बघायचे. किती आठवडे मी त्या खुर्चीत बसले असेन, पण आबांनी मला तिथं एकदाही पाहिलं नाही.

२

व्यायामाला आबा लय कुरकुर करायचे. बोटं उघड-मीट करा म्हटलं की म्हणायचे, "मी काय शाळंतलं लेकरू हाय का?" म्हणून भक्तीनं तिच्या एका मित्राचं, कॉम्प्युटरवर गाडी चालवायच्या खेळाचं सामान आणलं. टेबलाला घट्ट बसणारं खरं स्टिअरिंग आणि खाली पेडल. समोर मोठा टीव्ही. स्टिअरिंगच्या आत मोटर होती. रस्त्यात खड्डा आला की ते हाताला धक्का द्यायचं, वळणावर ओढ घ्यायचं. मी हात लावून पाहिला आणि मनात म्हटलं, याहून चांगला व्यायाम मला तरी सुचला नसता.

आबांनी तरुणपणी खरोखरच्या शर्यती मारल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. हैदराबादच्या अंगाला निजामाच्या काळातली एक सोडून दिलेली धावपट्टी होती. सत्तरच्या दशकात तिथं पिंपं आणि गवताच्या पेंढ्या मांडून वळणं करायचे आणि रविवारी गाड्या पळवायचे. आबा इथून त्यांची फियाट घेऊन जायचे.

भक्तीनं खेळ लावला. इटलीचं मैदान, जर्मनीचं मैदान, लाल-पिवळ्या चकचकीत गाड्या. आबांनी उजव्या हातानं एक फेरी मारली आणि स्टिअरिंग सोडून दिलं.

"ह्या गाड्या माझ्या न्हाईत. माझी फियाट हाय का यात?"

"न्हाई आबा."

"आन् आमची पट्टी?"

"ती कशी असंल?"

"मग बंद कर. परक्याच्या वावरात नांगर धरल्यागत वाटायलंय."

भक्तीनं ते मनावर घेतलं. ती सांगायची, इंटरनेटवर अशी हजारो माणसं आहेत. आपल्या बापानं चालवलेली गाडी, लहानपणी कुंपणावर बसून पाहिलेलं आणि आता प्लॉट पडून गेलेलं मैदान खेळात कधी येईल, म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात आणि कंपन्यांना विनवण्या करतात. ती त्यांच्यात जाऊन विचारत राहिली. शेवटी कोइम्बतूरच्या एका माणसानं खेळासाठी स्वतः बनवलेली फियाट पाठवली, फुकट. पट्टी मात्र कोणाकडंच नव्हती. मग भक्तीच ती बांधायला बसली. घरात दोन फोटो होते. बाकी सगळं आबांच्या डोक्यात. दुपारी मी त्यांचा हात चोळत असायची आणि ते डोळे मिटून सांगत असायचे.

"इथं सिमेंटला भेग व्हती, चाक ठक्क वाजायचं. पुढं कडुलिंबाचं झाड. लिंब आला की गिअर खाली."

फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताला. भक्तीनं तसाच एक दांडा टेबलाला बसवून घेतला. आबांचा डावा पंजा मी त्या दांड्यावर ठेवून पट्टीनं बांधायची. हात तिथं मेल्यासारखा लोंबायचा. पायातला क्लच आणि गिअर दोन्ही भक्तीनं कॉम्प्युटरवर सोपवले होते.

३

पहिली फेरी चैत्रातल्या एका दुपारी झाली. कूलर घरघरत होता, खिडक्यांना ओले पडदे. टीव्हीवर पांढरं ऊन पडलेली रुंद पट्टी, बाजूला वाळलं गवत, पिंपं. समोर फियाटचं गोल बॉनेट.

आबा पुढं वाकले. मग म्हणाले, "व्हय. हेच."

कस्तुराकाकू दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. आबांनी गाडी काढली. भेगेवर चाक ठक्क वाजलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. झटका आल्यापासून त्या घरात ते हसू कोणी ऐकलं नव्हतं. भक्ती रडायलाच लागली. व्यायाम मी देते, पण माणसाला उठावंसं वाटणं मला देता येत नाही, ते त्या पोरीनं दिलं होतं.

दुसऱ्या फेरीत, लिंबाच्या अलीकडं, आबांनी वेग कमी केला.

"डाव्या अंगाला कोन हाय?"

भक्ती म्हणाली, "कोणी न्हाई आबा. तुमची एकटीच गाडी हाय."

"न्हाई. हाय कोनी तरी. मागून यायलंय."

मी टीव्हीकडं पाहिलं. डावीकडं नुसतं गवत. भक्ती माझ्याकडं बघून कसनुसं हसली. मीही हसले. मेंदूला मार बसला की नसलेलं दिसतं, ऐकू येतं. मी असे पुष्कळ पेशंट पाहिलेत.

स्कूटीवरून परत निघाले आणि फाट्याच्या जवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं. नसलेलं दिसतं हे खरं, पण आबांना डावी बाजूच नव्हती. भरलेली वाटी त्यांना तिथं दिसत नव्हती, मी दिसत नव्हते. डावं अंग हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून मी महिन्या-दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

४

त्यानंतर ते रोजच म्हणायला लागले. घाबरून नाही. पाहुणा वाटेत आहे हे कळल्यावर माणूस बोलतो, तसं.

"आज पिंपापशी आला."

"आज जवळ हाय."

आवाज आधी भक्तीला आला. फियाटच्या इंजिनाखाली आणखी एक इंजिन, जरा फाटक्या आवाजाचं. तिनं खेळाच्या सगळ्या फायली उघडून पाहिल्या. गाडी एकच होती. "स्पीकरचा घोळ असंल," ती म्हणाली. डावा स्पीकर काढून ठेवला. आवाज डावीकडूनच येत राहिला.

मग सावली. दुपारचं ऊन भक्तीनं असं लावलं होतं की आबांच्या गाडीची सावली पट्टीवर डाव्या हाताला पडायची. एके दिवशी तिथं दोन सावल्या होत्या. एक आमच्या गाडीची. दुसरी तिच्या थोडी मागं, अधूनमधून पुढं येणारी. तिच्या वर काही नव्हतं.

"ताई," भक्ती हळूच म्हणाली, "हे मी केलेलं न्हाई."

त्याच दिवशी वीज गेली. टीव्ही बंद, कूलर बंद. एकदम शांत झालं. त्या शांततेत टिक, टिक, टिक असा आवाज ऐकू येत होता. लांबून पळून आलेली गाडी थांबली की तिचं तापलेलं बॉनेट वाजतं, तसा. शेडचे पत्रेही उन्हात वाजतात, मी स्वतःला सांगितलं. पण शेड घराच्या पुढं होतं आणि आवाज माझ्या खुर्चीच्या पलीकडून येत होता. मी उठले आणि उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्या दिवसानंतर मी त्या खुर्चीत बसले नाही.

हाताचं जे झालं ते याहून वाईट होतं. दुसऱ्या दिवशी, लिंब जवळ आला तेव्हा, आबांचा डावा पंजा दांड्यासकट खाली गेला आणि पुन्हा वर आला. अचूक गिअर पडल्यासारखा. भक्ती ओरडलीच, "आबा, हात हालला!"

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, दंडाला हात लावला. पुढच्या वळणावर हात पुन्हा हलला. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. हात हलतो तेव्हा आतले स्नायू ताणतात, बोटांखाली दोरी ओढल्यासारखे लागतात. आणि हात दुसऱ्या कोणी हलवला तर आत सगळं सैल असतं. रोज मी हेच करते, पेशंटचा हात उचलते, त्यामुळं तो सैलपणा माझ्या ओळखीचा आहे.

आबांचे स्नायू सैल होते. मनगटात जीव नव्हता. आणि तो हात गिअर टाकत होता.

५

मी स्वयंपाकघरात गेले. कस्तुराकाकू पीठ मळत होत्या. मी विचारलं, "काकू, आबांच्या सोबत शर्यतीला कोण जायचं?"

त्यांचे हात थांबले.

"त्येंनी नाव घेतलं का?"

"नाही."

"मग तुमी कामून विचारायल्या?"

त्यांनी पिठाचे हात तसेच ठेवून मला पाटावर बसवलं.

"दत्तराव म्हनून व्हते. पिंगळीचे. ह्यांचे जिवाभावाचे दोस्त. दोघांच्या दोन फियाटी. शेवटच्या शर्यतीला पुढच्या गाडीच्या चाकाखालून धोंडा उडाला आन् ह्यांची समोरची काच फुटून डोळ्यात गेली. गाडी भरधाव. ह्यांला काहीच दिसंना. दत्तरावांनी आपली गाडी ह्यांच्या डाव्या अंगाला आनली, दाराला दार लावून. खिडकीतून वरडून सांगायले, उजवीकडं घे, सोड, आता दाब. आर्धं मैदान आंधळ्याला चालवत आनावं तसं आनलं आन् उभं केलं."

"मग?"

"ह्यांला दवाखान्यात डोळ्याला पट्ट्या. दत्तराव म्हनले, घरी जाऊन येतो, पट्टी सुटली की येतो. त्याच हप्त्यात वावरात वीज पडली त्येंच्यावर. ह्यांची पट्टी सुटली तवा दत्तराव न्हवते." काकूंनी पुन्हा पिठात हात घातला. "डोळे वाचले, जीव वाचला. सांगायचं राहून गेलं. एकदा पिंगळीला निघाले व्हते, दारातून माघारी आले. त्येंच्या मालकिनीला काय सांगावं, म्हनले. तवापासून धावपट्टीचं बोलतात, गाडीचं बोलतात, पन त्येंचं नाव न्हाई."

त्या कणीक मळत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "आले असतील न्यायला."

मी बाहेर आले आणि भक्तीला म्हटलं, "बास. उद्यापासून हे बंद."

आबांनी ते ऐकलं. मग त्या जड जिभेनं, एकेक शब्द काढत म्हणाले, "धम्मशीला, तुझी लय मेहेरबानी हाय माझ्यावर. अजून एक कर. उद्या एक फेरी मारू दे. तो न्यायला आलाय का कशाला आलाय, त्येला इचारल्याबगर कसं कळंल?"

पेशंटला धोका असेल तर नाही म्हणणं माझं काम आहे. पण कशाचा धोका? डॉक्टरांना फोन करून मी काय सांगणार होते? रात्रभर मी याच विचारात होते. सकाळी ब्लडप्रेशरचं मशीन बॅगेत टाकलं आणि गेले.

६

त्या दुपारी वारा नव्हता. भक्तीनं खेळ लावला आणि आजोबांच्या उजव्या खांद्याला धरून उभी राहिली. काकू पहिल्यांदाच खोलीत येऊन बसल्या. मी आबांच्या उजव्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी मोजायला.

आबांनी गाडी काढली. भेग ठक्क वाजली. पिंपं मागं गेली. दुसरं इंजिन सुरुवातीपासूनच सोबत होतं.

लिंबाच्या अलीकडं टीव्हीवर काच फुटली.

खेळाची काच फुटत नाही, भक्तीनं ती सोय केलेलीच नव्हती. पण फुटली. आवाज झाला आणि सगळा टीव्ही पांढऱ्या जाळीनं भरून गेला. पट्टी, गवत, लिंब, काही दिसेना. इंजिन मात्र भरधाव वाजत होतं आणि स्टिअरिंग आबांच्या हातात थरथरत होतं.

"बंद करते!" भक्ती म्हणाली.

"थांब!" आबा ओरडले. मग त्यांनी मान जराशी डावीकडं कलती केली, कान द्यायला करतात तशी. "हं," ते म्हणाले. "हं, सांग."

मला शब्द ऐकू आले नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. ते दुसरं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. पण आबा ज्या ज्या ठिकाणी 'हं' म्हणत होते, त्या ठिकाणी ते इंजिन जरा खाली यायचं. खिडकीतून ओरडून सांगताना माणसाचा पाय सैल पडतो, तसं.

"घेतो. उजवीकडं घेतो. हं. सोडला." डावा पंजा दांड्यासह खाली गेला. "दाबू? दाबतो."

आबांनी ब्रेक दाबला. इंजिन हळू हळू उतरत गेलं आणि थांबलं. आबांची नाडी माझ्या बोटांखाली शांत होती, माझ्या नाडीपेक्षा पुष्कळ शांत.

"दत्ता," आबा म्हणाले. "त्या दिशी सांगायचं राहिलं बग. तू व्हतास म्हनून घरी आलो. लेकरं झाली, नातवंडं झाली. समदं तुझ्यामुळं."

टीव्हीवरची पांढरी जाळी विरत गेली. पट्टी दिसली. आणि डाव्या हाताला, दाराला दार लागेल इतक्या जवळ, दुसरी फियाट उभी होती. धुळीनं भरलेली. तिचं पलीकडचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

भक्तीनं माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, ह्या गाडीची दारं उघडत न्हाईत. सगळी बॉडी एकसंध हाय."

तेवढ्यात आबांच्या डाव्या बाजूची रिकामी खुर्ची कर्र वाजली.

मी तिकडं पाहिलं नाही. मी आबांकडं पाहत होते. त्यांनी मान डावीकडं फिरवली. कलती केली नाही, पूर्ण फिरवली, खांद्यापर्यंत, जी मान मी महिनोन्‌महिने सांगून फिरली नव्हती. खुर्चीकडं पाहिलं आणि ओळखीचं हसले.

७

नंतर आम्ही तो खेळ लावला नाही. आबांनीच नको म्हटलं. "झालं की आता," म्हणाले. भक्तीनं सामान बांधून ठेवलं.

आबा गेले नाहीत. कस्तुराकाकू कित्येक दिवस त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होत्या. पण आबा सुधारायला लागले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ताटातली डावी वाटी ओढून घेतली आणि तोंडाला लावली. मग डावा गाल दाढी करून गुळगुळीत दिसायला लागला. एका दुपारी मी दंड चाचपला आणि आतली दोरी ताणलेली लागली. बारीक, पण खरी. या वेळी हात त्यांचाच होता.

झटक्यानंतर मेंदू नवीन वाटा शोधतो, हे मला माहीत आहे. वेळेवर व्यायाम झाला, मन लागलं तर हे होतं. माझ्या कागदावर मी तेच लिहिलं. ते खोटं नाही.

पण मी त्यांचा डावा हात उचलायला जायची तेव्हा तो मला वाटायचा त्यापेक्षा हलका यायचा. पलीकडून कोणी निम्मं वजन धरलं आहे, असा. पहिले काही दिवस मी व्यायाम भरभर उरकायची, आणि उजवीकडूनच. तरी जायचं सोडलं नाही. कारण रोज आबा थोडे पुढं गेलेले असायचे. माझ्या एकटीच्या हातानं हे झालं नसतं, हे मला कळत होतं. एक दिवस आबांना उभं केलं. पहिल्यांदा ते आधाराशिवाय उभे राहिले आणि माझ्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "थँक्यू." मी हे त्या खुर्चीच्या दिशेला म्हणाले होते. काकूंनी ऐकलं. उन्हात आलेली खुर्ची त्यांनी जराशी सावलीत सरकवली.

८

पाऊस पडून गेल्यावर, कापूस गुडघ्याएवढा झाला तेव्हा आबा म्हणाले, "पिंगळीला जायचं. दत्ताच्या घरी."

भक्तीनं गाडी काढली. काकूंना गुडघ्यांमुळं झेपणार नव्हतं, म्हणून मीच सोबत गेले. आबा पुढं बसले नाहीत. मागं बसले, उजव्या खिडकीला लागून. मी मागं बसायला गेले तर म्हणाले, "तू पुढं बस पोरी." परभणीकडं निघालो. वाटेत आबा फारसं बोलले नाहीत. एकदा मात्र हलकेच हसले, कोणी काही सांगितल्यावर हसतात तसं.

दत्तरावांचं घर पिंगळी स्टेशनच्या अलीकडं. अंगणात शेवग्याचं झाड, दाराला निळा रंग. त्यांची बायको गयाबाई तिथं पुतण्याच्या संसारात राहायची. घरची मंडळी शेतात गेली होती. मी आबांना उतरवून घेतलं आणि त्यांच्या बाजूचं दार लावलं. पण दार लागल्याचा आवाज दोनदा झाला. मी भक्तीकडं पाहिलं. ती स्टिअरिंग धरून समोर बघत बसली होती.

दारात एक ठेंगणी, वाळकी म्हातारी येऊन उभी राहिली. डोळ्यांत मोतीबिंदूची निळसर झाक. आबा काठी टेकत पुढं झाले. ती त्यांच्याकडं, किंवा त्यांच्या बाजूला, कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आलात?"

"आलो वैनी," आबा म्हणाले. "लय उशीर झाला."

"तुमाला न्हाई म्हनले, भावजी."

ती दारातून बाजूला झाली. आम्ही पाऊल टाकणार तोच तिनं हात आडवा करून आम्हाला थांबवलं. क्षणभर तशीच राहिली, कोणाला तरी आत जाऊ दिल्यासारखी, आणि मग म्हणाली, "या आता. तुमी पन या."

घरात आबांनी तिला सगळं सांगितलं. काच, धोंडा, दाराला दार, खिडकीतून ओरडलेले शब्द. पन्नास वर्षांत तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी आबांनी दोन्ही हात जोडले. डावा थोडा उशिरा आला, थरथरत आला, पण आला आणि उजव्याला मिळाला.

गयाबाई रडली नाही. म्हणाली, "मला वाटायचं, गाडीच्या नादात घर इसरले. दवाखान्यातून आले आन् लगीच वावरात गेले, माज्याशी धड बोलले बी न्हाईत. तुमाला सांबाळत व्हते, ते आज कळलं. बरं झालं सांगितलंत."

चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा ती अंगणापर्यंत आली नाही. दारातच थांबली आणि माझा हात हातात घेतला. तिचा हात कोरडा आणि ऊबदार होता.

"तूच का ती, हात धरून चालवनारी?"

"मी त्यांचा व्यायाम घेते, आजी."

"लय सांबाळून आनलंस, पोरी," ती म्हणाली आणि तिनं तिच्या मागं, घराच्या अंधाऱ्या भागाकडं, मान वळवून पाहिलं. "तुजे उपकार हायेत आमच्यावर."

आमच्यावर, असं ती म्हणाली. मी तो हात लगेच सोडला नाही.

गाडी निघाली. आतून तिच्या बोलण्याचा आवाज येत होता, हळू, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत. मागं आबा सीटवर ऐसपैस पसरले आणि परभणी यायच्या आतच झोपी गेले.